उजव्या कानाचा बोळा

१

माझ्या कामाला दोनच गोष्टी लागतात: हलका हात आणि कापलेली नखं. मी कानाचे साचे बनवते. ऐकू येण्याचं यंत्र सगळ्यांना दिसतं. ते ज्याच्या आधाराने कानात बसतं, त्या मऊ, वेड्यावाकड्या तुकड्याकडे कोणी बघत नाही. पण तो तुकडा नीट बसला नाही, तर यंत्र शीळ घालतं, कान दुखतो आणि माणूस यंत्र खणात टाकून मोकळा होतो. म्हणून प्रत्येक कानाचा साचा वेगळा घ्यावा लागतो. एकाच माणसाचे दोन कानसुद्धा सख्खे नसतात, फार तर चुलत.

साचा घ्यायची रीत सोपी आहे. कानात आधी दोरा बांधलेली स्पंजची गोळी सरकवायची, म्हणजे लगदा फार आत जात नाही. मग पिचकारीने लगदा भरायचा आणि तो घट्ट होईपर्यंत हात मांडीवर ठेवून गप्प बसायचं. दाबायचं नाही. नवशिका हमखास बाहेरून अंगठ्याने दाबतो. दाबलं की आतला आकार पसरतो आणि साचा वाया जातो. आमच्या मालकीणबाई अजूनही रोज सकाळी माझी नखं बघतात आणि अंगठ्याकडे संशयाने पाहतात.

त्या दिवसांत मी भारतात जायच्या तयारीत होते. ऐकू न येणाऱ्या मुलांना यंत्रं बसवणारा एक गट तिकडे गावोगाव फिरतो. तपासणीवाले पुढच्या गावाला निघून जातात आणि साचे बनवणारीने तयार साचे घेऊन त्यांच्या मागून जायचं असतं, रेल्वेने, बसने, एकटीने. माझं ओळखपत्रही आलं होतं. त्यावर नावाखाली ‘परदेशी स्वयंसेवक’ असं छापलं होतं. जन्म एका गल्लीत काढलेल्या मला कोणी परदेशी म्हणतंय, याचंच मला इतकं अप्रूप वाटलं की ते कार्ड मी दोन दिवस घरातही गळ्यात घालून फिरले. याआधी दोनदा जायचं ठरलं आणि राहिलं. एकदा आईचं आजारपण आलं, एकदा बाबांचा पाय मोडला. आता नाही गेले तर आयुष्यात जाणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

तिकडच्या गाड्यांत गोंगाट फार असतो असं ऐकलं होतं, म्हणून स्वतःच्या कानांसाठी बोळे करून घ्यायचं ठरवलं. दुपारच्या सुट्टीत मालकीणबाई जेवायला घरी गेल्यावर मी दुकानाला आतून कडी लावली आणि गोल आरशात बघत दोन्ही कान भरले. मग हात मांडीवर ठेवले आणि बसून राहिले.

डावा साचा ठीक निघाला. उजव्याच्या बाहेरच्या अंगावर अंगठा दाबल्याची खूण होती. खळगा, आणि खळग्याच्या टोकाला नखाची बारीक चंद्रकोर.

मी माझी नखं पाहिली. कालच कापलेली. त्या खळग्यावर अंगठा ठेवून पाहिला, तर तो उलटा बसत होता. खूण मागून पुढे आलेली होती. तसा दाबायला माझं मनगट वळत नव्हतं. मग काढताना खुर्चीच्या पाठीला घासला असेल, असं म्हणून मी तो विषय मिटवला. आतला आकार बिघडलेला नव्हता, मला तेवढंच हवं होतं. उलट इतका चोख साचा मी स्वतः कधी घेतला नव्हता.

२

घरी बाबा आणि मी. ताईचं सासर मागच्याच रस्त्यावर आहे, त्यामुळे तीही जवळजवळ आमच्याकडेच असते. बाबांनी उभं आयुष्य छापखान्यात मशीनशेजारी काढलं. डावा कान पूर्ण गेला. उजव्याला यंत्र लावलं की ऐकू येतं. ताई आली की बाबा हळूच यंत्र बंद करतात, हा घरातला जुना विनोद. साचा कानातच राहतो, त्यामुळे दिसायला सगळं जागच्या जागी असतं.

“बाबा, हिला सांगा काहीतरी,” ताई म्हणाली. मी जमिनीवर बॅग पसरून बसले होते.

बाबांनी हसून मान डोलावली. यंत्र बंद होतं.

“तिकडे गाड्या म्हणे दोन-दोन दिवस चालतात,” ताई माझ्याकडे वळली. “भाषा येत नाही, माणसं ओळखीची नाहीत. तू एकटी कशी जाणार? इथल्या इथे कधी एकटी राहिली आहेस का? लहानपणी बाथरूमला जाताना मला उठवायचीस.”

“लहानपणी तूही अंथरूण ओलं करायचीस. सोडलंस ना?”

“विषय बदलू नकोस. आधी इथे एक आठवडा एकटी राहून दाखव. मग मी तोंड उघडणार नाही.”

“लिहून देतेस?”

“माझ्या शब्दावर भरवसा नाही?”

“तोंड उघडणार नाही म्हणालीस, त्यावर नाही.”

दुकानाच्या वर एक खोली होती. आधी तिथे एक शिंपीकाका बसायचे. ते गेल्यापासून ती रिकामीच पडून होती. एक खाट, एक खुर्ची, कपडे कापायचं लांब टेबल आणि भिंतीवर खिळ्याला अडकवलेली एक मोजपट्टी. मालकीणबाईंनी किल्ली दिली. ताई आठवडाभर बाबांजवळ झोपायला आली, आणि मी बॅग, बोळे आणि हट्ट घेऊन वर राहायला गेले.

३

पहिले काही दिवस मजेत गेले. खरं सांगायचं तर मला एकटं राहणं आवडायला लागलं. चहा करायचा तर एक कप, खुर्ची ठेवायची तर आपल्याला हवी तिथे. रविवारी दुपारी, लख्ख ऊन खिडकीतून टेबलावर आलेलं असताना, मी गाडीचा सराव करायचं ठरवलं. बोळे कानात बसवले आणि बॅग पुन्हा भरायला घेतली.

गिऱ्हाइकांना मी एक गोष्ट रोज सांगते. कान बंद केला की बाहेरचं जग गप्प होतं आणि आतलं बोलायला लागतं. स्वतःचा श्वास, जबडा, पावलं, सगळं डोक्यात घुमतं. घाबरायचं नाही, तो तुमचाच आवाज असतो. म्हणून श्वास ऐकू आला तेव्हा मी मनाशी हसले आणि कपड्यांच्या घड्या घालत राहिले.

थोड्या वेळाने लक्षात आलं, की मी वाकते तेव्हा माझा श्वास अडतो, पण कानातला अडत नाही.

मी हातातली घडी खाली ठेवली. तोंड मिटलं, नाक चिमटीत धरलं. श्वास चालूच राहिला. आत, बाहेर. आत, बाहेर. संथ, पोट भरलेल्या माणसाचा असतो तसा.

मला घाबरायला आवडत नाही. घाबरायच्या आधी मी तपासून घेते. मनगटावर बोट ठेवून नाडी पाहिली. तिची चाल वेगळी होती. डावा बोळा काढला, श्वास राहिला. उजवा काढला, श्वास गेला. रस्त्यावरून जाणारी सायकल आणि कुठेतरी वाजणारा नळ तेवढा ऐकू आला. उजवा पुन्हा घातला. श्वास होता, आणि आता जवळ होता.

कानामागून येतोय असं वाटलं, म्हणून मी खुर्ची ओढून थेट भिंतीला लावली आणि डोकं भिंतीला टेकवून बसले. आता मागे काही असणं शक्यच नव्हतं. श्वास माझ्या कानाच्या आणि भिंतीच्या मधून येत राहिला. मी हात घालून पाहिला. तिथे माझी बोटंसुद्धा नीट शिरत नव्हती.

मी उठून पळाले नाही. पळाले असते तर ताई जिंकली असती, आणि तिसऱ्यांदा माझं जाणं राहिलं असतं. मी बोळे काढून डबीत ठेवले, बॅग भरून पूर्ण केली आणि आठवडा संपेपर्यंत तिथेच राहिले. फक्त खुर्ची खोलीच्या मधोमध ठेवली.

४

“माझा कान बघता का?” मी दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंना विचारलं.

त्यांनी दिव्याने दोन्ही कान पाहिले. “मळसुद्धा नाही. कसले स्वच्छ कान आहेत. काय होतंय?”

“आवाज येतो.”

“जायची भीती बसलीय मनात. चल, तपासून टाकू.”

आमच्या दुकानात मागच्या बाजूला तपासणीची खोली आहे. खोली कसली, जाड दाराचं कपाटच. आत एक खुर्ची, कानाला लावायचे फोन आणि हातात धरायचं बटण. बाहेरून मालकीणबाई बारीक बारीक सूर सोडतात. ऐकू आला की बटण दाबायचं. आतल्या माणसाचं बोलणं त्यांना कळावं म्हणून आत एक माइकही आहे. दार लावलं की आत इतकी शांतता होते, की काही लोकांना गरगरतं.

सूर यायला लागले. मी बटण दाबत गेले. सूर बारीक होत गेले. अगदी शेवटचे सूर ऐकताना माणूस आपोआप श्वास रोखून धरतो. ते कोणाला शिकवावं लागत नाही. मीही रोखला होता.

मालकीणबाईंचा आवाज फोनमधून आला. त्या जरा वैतागल्या होत्या.

“अगं, केवढ्याने श्वास घेतेस? सर्दी झालीय का? माझ्या कानात नुसता तोच येतोय. जरा माइकपासून लांब बस.”

मी दारातल्या छोट्या काचेतून त्यांच्याकडे पाहिलं. छातीतला श्वास अजून सोडला नव्हता. त्या खाली मान घालून बटणं फिरवत होत्या, त्यामुळे त्यांना काही दिसलं नाही. मी खुर्ची सरकवल्यासारखं केलं.

“आता ठीक आहे?” मी विचारलं.

“नाही. तसाच आहे,” त्या म्हणाल्या. “जाऊ दे. तुझे कान उत्तम आहेत. गरम पाण्याची वाफ घे.”

५

जाण्याआधी बाबांच्या कानाला नवा साचा करून द्यायचा होता. आठवडा पुरा करून मी घरी आले. ताईने शब्द पाळला आणि तोंड उघडलं नाही. फक्त भांडी जोरात आपटली. ती घरी गेल्यावर मी बाबांना खिडकीजवळ बसवलं.

“झोप लागते ना नीट?” मी पिचकारी बाहेर काढत विचारलं.

“हल्ली छान लागते,” बाबा म्हणाले. “बरेच दिवस झाले. अगदी शांत.”

ते खूश दिसत होते. मला विचारायचं नव्हतं, तरी विचारलं.

“बाबा, यंत्र बंद असताना तुम्हाला काही ऐकू येतं?”

त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्या उजव्या कानाकडे पाहिलं. कान पाहणाऱ्या माणसाची नजर मला कळते. ते कान बघत नव्हते, कानाच्या मागे बघत होते.

“तुझ्याकडे आलंय का?” ते म्हणाले.

स्वयंपाकघरात किटली तापत होती, तिची वाफ ऐकू येत होती.

“सुरुवातीला मला वाटायचं, यंत्राचाच काही दोष असेल,” बाबा सांगू लागले. “मग सवय झाली. करत काही नाही गं ते. नुसतं असतं. रात्री मी साचा काढून बशीत ठेवायचो आणि सकाळी उठलो की तो कानात असायचा. नीट बसवलेला. मला वाटायचं, तुझी आई बसवते. मला लवकर ऐकू यावं म्हणून. मी तिला कधी विचारलं नाही. बरं वाटायचं.”

“मग?”

“मग ती गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी साचा कानात होता.”

एवढी वर्षं या माणसाने आमच्यासमोर बसून जेवण केलं, थट्टा केली, आणि एका अक्षराने काही कळू दिलं नाही.

“ते बोळे मला दे,” बाबा म्हणाले. “मला सवय आहे. तू सुखाने जा. एकटी जायचंय ना तुला? मग एकटीच जा.”

“कोणी कोणाला काही द्यायचं नाही,” मी म्हणाले. “मी ते नष्ट करते. विषय संपला.”

बाबांनी यंत्र बंद केलं. मग काहीतरी आठवल्यासारखं पटकन साचाच कानातून काढला आणि मुठीत धरला.

६

दुकानातल्या कात्रीने मी दोन्ही बोळ्यांचे बारीक तुकडे केले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले. डबा कचऱ्याच्या गाडीत रिकामा होताना स्वतः पाहिला. त्या दिवशी संध्याकाळी मी कान बोटाने बंद करून पाहिला. माझाच श्वास होता. रोखला की थांबत होता. मी इतकी खूश झाले की ताईसाठी केक घेऊन गेले.

सकाळी ताईच्याच हाकेने जाग आली. बाबांना ती नाश्ता घेऊन आली होती. बाबा पलंगावर बसले होते. साचा कानात होता आणि त्याच्या कडेने रक्त ओघळून मानेवर सुकलं होतं.

आम्ही त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी बराच वेळ आत पाहिलं.

“नख लागलंय,” ते म्हणाले. “चांगलं लांब ओरखडलंय. पडद्याच्या अगदी जवळ. काका, कानात बोट घालायची सवय बंद करा. पुन्हा असं झालं तर हाही कान जाईल.”

मी बाबांची बोटं पाहिली. बाबा नखं कुरतडतात, लहानपणापासून. त्यांच्या बोटांना नख म्हणून नावाला नाही.

“रागावलंय वाटतं,” घरी येताना बाबा मला हळूच म्हणाले. ताई पुढे चालत होती. “असं कधी केलं नव्हतं.”

घरी आल्यावर ताईने दार लावून घेतलं. तिचे डोळे भरले होते. “आता तरी राहा,” ती म्हणाली. “मी दोन घरं किती दिवस बघू? त्यांना बघायला कोणीतरी हवं ना?”

ती चुकीचं बोलत नव्हती, आणि मला तिची कीव आली. पण राहून काय होणार होतं? मी उशाशी बसले असते, डोळ्यांत तेल घालून जागले असते, आणि भिंतीला टेकलेल्या डोक्याच्या मागेही जे मावतं, त्याला माझा पहारा काय करणार होता? बाबांचा तो एक कान उरला होता. किटली, ताईची बडबड, माझी हाक, सगळं त्या एका कानात होतं. तो मी जाऊ देणार नव्हते.

“ताई,” मी म्हणाले, “मी जाणार. आणि मी गेल्यावर बाबांना काही होणार नाही. माझ्या शब्दावर भरवसा ठेव.”

“कशाच्या जोरावर बोलतेस?”

मी माझी हत्यारांची पेटी उचलली.

७

त्याच दुपारी मी शिंपीकाकांच्या खोलीत गेले. सोबत पिचकारी, लगदा आणि माझी हत्यारांची पेटी. खुर्ची खोलीच्या मधोमध होती. ती मी उचलून पुन्हा भिंतीला लावली.

रिकाम्या खोलीत मोठ्याने बोलताना फार लाज वाटते. आपलाच आवाज आपल्याला खुळा वाटतो. मी आधी घसा साफ केला.

“मी लांब जातेय,” मी म्हणाले. “परत कधी येईन, सांगता येत नाही. इथे म्हाताऱ्या माणसाला छळण्यापेक्षा माझ्याबरोबर चल. पण माझ्या कामाचे नियम आहेत. माझ्या कामात लांब नखं चालत नाहीत. यायचं असेल तर नखं कापून यायचं.”

पेटीतलं नेलकटर काढून मी टेबलावर ठेवलं. भिंतीवरची मोजपट्टी हलत नव्हती, दार हललं नाही. काही म्हणजे काही झालं नाही. मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून रडूही आलं. मग डोळे पुसले, कान भरले, हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले.

लगदा घट्ट होत आला, तेव्हा उजव्या कानावर कोणीतरी हलकेच दाबलं.

दुखलं नाही, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. तो हात जाणता होता. किती दाबावं आणि कधी थांबावं, हे त्याला ठाऊक होतं. मी मुलांच्या कानाला हात लावते, तेव्हा मी जे करते तेच तो करत होता. माझ्या अंगावर काटा आला तो त्यामुळे. मी मनात ताईचं नाव घेत राहिले आणि हलले नाही.

साचा काढला. खळगा होता, चंद्रकोरही होती. नेलकटर ठेवलं तिथेच, तसंच पडलं होतं. मी ते उचलून पेटीत टाकलं आणि खाली जाऊन बोळे ओतायला घेतले.

त्या रात्रीपासून बाबांचा साचा सकाळी बशीतच असायचा. ओरखडा भरून आला. मी जायच्या आदल्या दिवशी ते त्यांच्या खोलीतून ओरडले, “अगं, किटली शिट्टी मारतेय, बंद कर!” मी तिथल्या तिथे मटकन खाली बसले. त्यांना दोन खोल्यांपलीकडून ऐकू आलं होतं.

८

निघायच्या सकाळी ताई बसपर्यंत आली. बॅग तिने स्वतः चढवली, मला घट्ट मिठी मारली आणि “पोचलीस की फोन कर” हे एवढ्या वेळा सांगितलं की शेवटी कंडक्टरच म्हणाला, “करतील हो त्या.” बाबा दारातूनच निरोप घेऊन थांबले होते. त्यांनी माझं डोकं दोन्ही हातांत धरलं, उजव्या कानामागे हळूच चाचपलं आणि डोळे पुसले. “नीट जा,” एवढंच म्हणाले. एकटी जा असं ते म्हणाले नाहीत.

“एकट्याच?” कंडक्टरने तिकीट बघताना विचारलं.

“हो,” मी म्हणाले.

विमानतळाचा रस्ता लांब होता. सगळ्यात मागची सीट माझी. पाठीशी बसचा पत्रा, मांडीवर साच्यांची पेटी. पहिल्या गावातल्या मुलांच्या कानांचे लगदे गटाने आधीच पाठवले होते, त्यांचे साचे मी इथेच तयार केले होते. बोटाच्या पेराएवढे इवलेसे, डाव्याला निळा ठिपका, उजव्याला तांबडा. महिनाभर मी तेच करत होते आणि माझ्या सगळ्या आयुष्यात इतकं चांगलं काम माझ्या हातून झालं नव्हतं. बाहेर ऊन होतं, गाडी भरधाव चालली होती, आणि मी खरोखर निघाले होते. तिसऱ्या खेपेला का होईना.

बसचा आवाज फार व्हायला लागला. मी बोळ्यांची डबी काढली. डावा बसवला. उजव्यासाठी गोल आरसा हातात धरला, बोळा कानाला नुसता टेकवला, आणि हात बदलायला म्हणून बोटं काढली.

बोळा पडला नाही. तो हळूच आत गेला, थोडा फिरला आणि चपखल बसला.

आरशात मला माझा कान दिसला. त्याच्यावर मागून आलेला एक अंगठा होता. पुढच्या पेरापर्यंतच दिसला, आणि मी पापणी मिटायच्या आत तो केसांमागे गेला. पण माझ्या धंद्यात बघायचं ते आधी दिसतं. नख कापलेलं होतं. गोल, स्वच्छ, कडा घासून मऊ केलेल्या. मालकीणबाईंनीही पास केलं असतं.

मला आधी सुटल्यासारखं वाटलं. ऐकलं तर माझं. आता कोणाचा कान ओरखडला जाणार नाही. मग आरसा खाली घेताना मला पेटी दिसली. तिची कडी मी घरी लावली होती, ताईने ओढूनही पाहिली होती. ती उघडी होती. झाकण बोटभर वर आलं होतं, आणि आत सगळ्यात वरच्या साच्यावर, तांबड्या ठिपक्याशेजारी, ताजा खळगा होता.

नखं कापून ये, असं मीच सांगितलं होतं. माझ्या कामात, असंही मीच म्हटलं होतं. बाबांचा कान वाचवताना मला दुसरं काही सुचलं नव्हतं, आणि त्याने माझा शब्द अगदी नीट धरला होता. ते सोबत नुसतं येत नव्हतं. कामाला येत होतं.

उतरून परत जाता आलं असतं. परत म्हणजे बाबांकडे. मी झाकण दाबून बंद केलं, कडी लावली आणि त्यावर दोन्ही हात ठेवले. भीती वाटत होती, तरी आवाज मी पक्का काढला.

“मुलांच्या कानाला हात लावायचा नाही,” मी म्हणाले. “एकाच्याही नाही. तुझ्यासाठी माझा कान आहे. ऐकलंस?”

पुढच्या सीटवरच्या बाईंनी वळून पाहिलं आणि पुन्हा मान फिरवली. उजव्या कानात श्वास चालू होता. आत, बाहेर. संथ. शिंपीकाकांच्या खोलीत, तपासणीच्या कपाटात, बाबांच्या इतक्या वर्षांत तो कधी अडला नव्हता.

आता तो थांबला. माणूस कानोसा घेताना रोखून धरतो, तसा.